वाचकांचे प्रश्न : कबरीवरच्या वयावरून नॉरफोकमधलं घर

प्रश्न : सोलापुरातल्या एका जुन्या इंग्रजी कबरीवर मृत्यूचं साल 1866, वय 29 आणि नॉरफोक परगण्यातल्या एका खेड्याचं नाव आहे. घरची मंडळी शेतमजूर असावीत. तिकडच्या जनगणनेत ती कशी शोधावीत?
– एक वाचक, सात रस्ता, सोलापूर

उत्तर : आधी वयाचा हिशेब मांडा. जन्म 1836-37चा. इंग्लंडमध्ये सरकारी जन्मनोंदणी 1 जुलै 1837 ला सुरू झाली. तेव्हा जन्मदाखल्यामागे न लागता त्या गावच्या चर्चची बाप्तिस्म्याची वही बघा. आईबापांची नावं आणि बापाचा धंदा तिथे मिळतो.

मग 6 जून 1841 ची जनगणना. हिच्यात पंधरा वर्षांवरची वयं बहुतेक ठिकाणी खालच्या पाचाच्या पटीत लिहिलीत, 34 चा माणूस 30 चा दिसतो. लहान मुलांची वयं मात्र जशीच्या तशी. म्हणून चार वर्षांच्या पोरावरून घर शोधा, बापाच्या वयावरून नको. नाती तेव्हा लिहीत नसत; घरातली बाई आई की आत्या, हे या कागदावरून ठरवू नका.

30 मार्च 1851 ला तो चौदाचा. शोध अडतो तो इथेच, कारण मुलगा घरात सापडत नाही. त्या वयाची मजुरांची पोरं बरेचदा शेजारगावच्या शेतकऱ्याकडे राहून काम करायची आणि तिथेच नोकर म्हणून मोजली जायची. या वर्षीपासून नातं आणि जन्मगाव नोंदवलेलं असतं. तेव्हा ऑनलाइन शोधताना आडनावाचा रकाना रिकामा सोडा. पहिलं नाव, जन्मगाव आणि वय दोन वर्षं मागेपुढे धरून शोधा. आईने दुसरं लग्न केलं असेल तर मुलगा सावत्र बापाच्या आडनावाखाली असू शकतो. नात्यापुढे ‘सन-इन-लॉ’ दिसलं तर जावईच समजू नका, सावत्र मुलालाही तेव्हा तेच लिहीत.

घर सापडलं की भावंडांची जन्मगावं वयाच्या क्रमाने मांडा. थोरला एका गावचा, मधली दुसऱ्या, धाकटा तिसऱ्या, असं दिसलं तर कुटुंब कामासाठी कधी कुठे हललं ते वर्षानिशी कळतं. आमच्या मते या नोंदींचं खरं मोल इथे आहे. प्रत्येक नोंदीचा संदर्भ लगेच उतरवून घ्या : 1851 साठी एचओ 107, 1861 साठी आरजी 9 (ही इंग्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या मालिकांची नावं), पुढे पीस म्हणजे गठ्ठ्याचा आणि फोलिओ म्हणजे पानाचा क्रमांक. फोलिओचा शिक्का पानाच्या पुढच्याच बाजूला असतो, मागच्या बाजूलाही तोच क्रमांक लागू.

1861 ला तो हिंदुस्थानात आला असेल तर तिकडच्या गणनेत नसणारच. मुंबई इलाख्यातल्या दफनाच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत एन/3 या मालिकेत आहेत. हुद्दा किंवा धंदा तिथे पाहा.

प्रश्न : दर जनगणनेत आईचं वय वेगळंच निघतं. बाई तीच का?

उत्तर : दोन-तीन वर्षांचा फरक नेहमीचा. घरोघरी भरलेले त्या काळचे मूळ कागद नष्ट झालेत. आपण पाहतो ती गणनेदाराने वहीत उतरवलेली नक्कल. वय सोडा, मुलांची नावं आणि त्यांचा क्रम जुळतो का ते बघा.