संगणक-शंका : स्वस्तातला झिऑन घ्यायचा की नवा रायझन?

या वेळी आलेल्या प्रश्नांत प्रोसेसरचेच जास्त होते आणि बरेचसे फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात, डेस्कटॉपवाला (एएमडी कंपनीचा रायझन) घ्यायचा की सर्व्हरवाला (इंटेलचा झिऑन). सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही. खाली बघालच, सांगलीच्या वाचकांना जो प्रोसेसर घेऊ नका म्हणतोय तोच संभाजीनगरच्या मुलाला घे म्हणतोय.

प्रश्न : नमस्कार सर. सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. सहा जण टॅलीवर असतात, डाटा एका जुन्या कॉम्प्युटरवर ठेवलाय आणि बाकीचे पाच लॅनने जोडलेत. सीझनला तो इतका रखडतो की पट्टी (मालाच्या हिशोबाचा कागद) निघेपर्यंत शेतकऱ्याला बसवून चहा पाजावा लागतो. दुकानदाराने दोन मशीन दाखवलीत. एक सेकंडहँड, झिऑन ई५-२६८० व्ही४, १४ कोअर २८ थ्रेड, ६४ जीबी सर्व्हर रॅम. दुसरं नवीन, रायझन ५ ७६००, ६ कोअर, १६ जीबी. झिऑन थोडं स्वस्तच पडतंय. तो म्हणतो १४ कुठे आणि ६ कुठे, विचार कसला करताय. काय करू?

उत्तर : या दोनातलंच घ्यायचं तर रायझन घ्या. आता का ते नीट सांगतो, कारण १४ आणि ६ हा हिशोब ऐकायला इतका सरळ वाटतो की भलेभले फसतात.

कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आतला एकेक काम करणारा. तुमच्याच यार्डातलं बघा, कोअरला हमाल समजा. गाडी खाली करायची असेल तर १४ हमाल बरे, पण एकच पोतं काट्यावर ठेवायचं असेल तर हमाल एकच लागतो आणि तो तगडा पाहिजे. पट्टी काढणं, लेजर उघडणं, एक एन्ट्री सेव्ह करणं ही सगळी एकेका पोत्याची कामं. तो झिऑन २०१६ साली बाजारात आला, एकट्या कोअरने जोर लावला तर ३.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, ७६०० जातो ५.१ पर्यंत, आणि मधल्या वर्षांत कोअरची रचनाच इतकी सुधारलीये की एकास एक लावलं तर नवा जवळपास दुप्पट काम करतो. तुमचे सहा जण एकाच वेळी बसले तरी १४ पैकी बरेच कोअर रिकामे बसून राहणार.

शिवाय बारीकसारीक गोष्टी आहेत ज्या दुकानदार सांगत नाही. त्या झिऑनमध्ये ग्राफिक्स नाही, स्क्रीन दिसायला वेगळं कार्ड घ्यावं लागतं. तो १२० वॅटचा, हा ६५ चा. विंडोज ११ च्या यादीत तो प्रोसेसर नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे ज्या मशीनवर तुमचा सगळा पैशाचा हिशोब राहणार त्यालाच नेहमीचे सिक्युरिटी अपडेट नाहीत. आणि ती ६४ जीबी रॅम रजिस्टर्ड, म्हणजे सर्व्हरसाठीच्या प्रकारची असणार, उद्या मशीन बदललं तर नव्या डेस्कटॉपला ती चालत नाही. डीडीआर४ (रॅमची आधीची पिढी, आताची डीडीआर५) ची असेल तर डीडीआर४ वाल्या डेस्कटॉपच्या खाचेत बसतेसुद्धा, पण मशीन चालूच होत नाही, आणि लोक मदरबोर्ड गेला समजून तो बदलतात.

पण एका बाबतीत त्या झिऑनचं म्हणणं मला पटतं आणि ती गोष्ट मला कोअरपेक्षा खूप जास्त महत्त्वाची वाटते. ती म्हणजे ईसीसी रॅम, आपल्या चुका आपणच पकडणारी.

काही वर्षांपूर्वी एका ऑफिसचे कॉम्प्युटर मी बघायचो. तिथेही असंच, एका साध्या डेस्कटॉपवर सगळा डाटा, रोज रात्री त्याची झिप होऊन पेनड्राइव्हवर जायची. सगळे निर्धास्त. एके दिवशी जुनी फाइल लागली म्हणून झिप उघडली तर सीआरसी एरर, म्हणजे फाइल आतून बिघडलेली. आदल्या दिवशीची उघडली, तीच तऱ्हा. मागे मागे जात गेलो, तीन महिन्यांतल्या कितीतरी झिप अशाच निघाल्या. मशीन मात्र मजेत चालू होतं, हँग नाही, निळा स्क्रीन नाही, काही नाही. रात्री मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून घरी गेलो आणि सकाळी येऊन बघतो तर स्क्रीनभर लाल ओळी. रॅमची आठ जीबीची एक पट्टी काढली, खोडरबरने तिचे पिवळे दात घासले, परत लावली, परत लाल. पट्टीच गेलेली. ती बदलायला दोन मिनिटं लागली, पण बिघडलेल्या नोंदी छापील वह्यांवरून परत घालायला दोन माणसं तीन आठवडे बसली होती, त्यातल्या एक ताई रोज संध्याकाळी घरी जाताना डोळ्यांवर ओला रुमाल धरायच्या. तेव्हापासून हिशोबाच्या मशीनमध्ये मी आधी रॅम कुठली आहे ते विचारतो.

ईसीसी करतं काय, तर डाटाच्या दर ६४ बिटांमागे पडताळणीचे ८ बिट जास्त ठेवतं. एक बिट उलटला तर जागच्या जागी दुरुस्त होतो, दोन उलटले तर दुरुस्त होत नाहीत पण मशीन निदान ओरडून सांगतं. साध्या रॅममध्ये ०चा १ झाला तर कुणालाच कळत नाही. हे क्वचितच होतं असं म्हणाल तर गूगलने आपल्या सर्व्हरमधल्या रॅमचा अभ्यास २००९ मध्ये छापला होता, त्यात वर्षभरात रॅमच्या ८ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांमध्ये एकदा तरी चूक सापडली. आणि बेल्जियममधलं स्कारबेक, २००३ ची निवडणूक, मतदान इलेक्ट्रॉनिक. एका उमेदवाराला मिळूच शकणार नाहीत इतकी मतं दिसली, परत मोजली तर फरक बरोब्बर ४०९६. हा आकडा बघितला की कॉम्प्युटरवाल्या माणसाला लगेच कळतं, २ चा १२ वा घात, म्हणजे मेमरीतला एकच बिट उलटलेला असणार. तुमच्या शेतकऱ्याच्या पट्टीत ४०९६ रुपये असे वाढले तर शेतकरी बोलणार नाही आणि कमी झाले तर तुम्हाला सोडणार नाही.

आता दुकानदार सांगेल की डीडीआर५ मध्ये ईसीसी असतंच. अर्धं खरं आहे. डीडीआर५ ची ती पडताळणी चिपच्या आतल्या आत होते, चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत काही बिघडलं तर ती कामाची नाही. वेगळी ईसीसी पट्टीच मागायची, आणि डेस्कटॉप बोर्डासाठी अनबफर्ड (म्हणजे ती वरची रजिस्टर्ड नव्हे) असं स्पष्ट सांगायचं.

म्हणून तुम्हाला मी तिसरंच मशीन सुचवतो. एपिक हे एएमडीच्या सर्व्हर प्रोसेसरचं नाव, त्यांच्या मे २०२४ मध्ये आलेल्या एपिक ४००४ मालिकेतला सहा किंवा आठ कोअरवाला छोटा सर्व्हर बघा. नाव सर्व्हरचं असलं तरी आत रायझन ७००० चीच जात आहे, सॉकेटही (प्रोसेसर बसायची जागा) तेच एएम५, म्हणजे रायझनचा वेगही मिळतो आणि ईसीसी कंपनीने तपासून दिलेलं असतं. इंटेलमध्ये झिऑन ई नावाने येतात ते याच प्रकारचे, नवीन पिढीतला घ्या. बजेटला जड जात असेल तर तोच ७६०० घ्या पण बोर्ड असा निवडा की ज्याच्या कंपनीने ईसीसी चालतं असं लिहून दिलंय, सगळे बोर्ड देत नाहीत.

आणि हो, खरेदीच्या आधी एक करा. जुन्या मशीनमध्ये अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल तर डाटा एका एसएसडीवर घालून आठ दिवस चालवून बघा, लॅनचा स्विच जुना १०० एमबीपीएसचा आहे का तेही बघा. बऱ्याचदा रखडणं तिथेच असतं आणि प्रोसेसर उगाच बदनाम होतो. चांगला यूपीएस मात्र लागेलच, एन्ट्री सेव्ह होताना लाइट गेली तर कुठलाच प्रोसेसर वाचवत नाही.

प्रश्न : दादा, मी छत्रपती संभाजीनगरला मेकॅनिकलमध्ये एमटेक करतोय. प्रोजेक्ट सीएफडीचा आहे, म्हणजे हवा-पाण्याचा प्रवाह कॉम्प्युटरवर मोजायचा, ओपनफोम सॉफ्टवेअरवर. पैसे साठवून रायझन ९ ७९५०एक्स घेतला, १६ कोअर. पण केस (सोडवायचं एक गणित) ८ कोअरवर लावली काय आणि १६ वर लावली काय, वेळ जवळपास तेवढाच लागतो. प्रोसेसर खराब आलाय का? अजून रॅम घालू का?

उत्तर : प्रोसेसर एकदम ठणठणीत आहे, काळजी करू नको. कोअर उपाशी बसतायत एवढंच. सीएफडीमध्ये जागेचे छोटे तुकडे, म्हणजे सेल पाडतात, प्रत्येक सेलचा हिशोब छोटा असतो पण सेल लाखोंनी, त्यामुळे सगळा वेळ रॅममधून आकडे आणण्यात जातो. डेस्कटॉप प्रोसेसरला रॅमचे दोनच चॅनल, म्हणजे आकडे यायच्या वाटा, असतात. डीडीआर५-५२०० धरली तर ५२०० गुणिले ८ बाइट गुणिले २, म्हणजे सेकंदाला ८३.२ जीबी, आणि ही शिदोरी १६ कोअरनी वाटून खायची. सात-आठ कोअरमध्येच ती संपते.

रॅम वाढवून हे सुटत नाही. चार पट्ट्या लावल्या तरी चॅनल दोनच राहतात, उलट एएमडीने या प्रोसेसरला चार पट्ट्यांवर दिलेला वेग ३६०० वर येतो, म्हणजे पैसे घालून हळू.

इथे मात्र सर्व्हर प्रोसेसर खरा कामाला येतो. एपिकच्या २०२२ च्या ९००४ मालिकेत १२ चॅनल आहेत, ४८०० च्या रॅमवर ४६०.८ जीबी. विद्यार्थ्याच्या खिशाला ते झेपत नाही, कबूल. पण वर सांगलीवाल्यांना ज्याला नको म्हटलं तो ई५-२६८० व्ही४ आठवतोय? त्याला चार चॅनल आहेत, डीडीआर४-२४०० वर ७६.८ जीबी. दोन प्रोसेसरवालं जुनं वर्कस्टेशन मिळालं तर दोघांचे मिळून १५३.६, तुझ्या नव्याकोऱ्या मशीनच्या जवळपास दुप्पट. तुला विंडोज ११ शी देणंघेणं नाही, लिनक्सच लावणार. एकच गोष्ट सांभाळ, प्रत्येक प्रोसेसरला चार अशा आठ पट्ट्या पाहिजेत, मोठ्या दोन देऊन विकणारे असतात आणि मग चॅनल रिकामे राहून सगळं मुसळ केरात. आठ छोट्या चालतील, दोन मोठ्या नको.

७९५०एक्स विकू नको. मेशिंग (सेल पाडणं), पोस्ट-प्रोसेसिंग (निकाल चित्रात बघणं), सॉलिडवर्क्स (डिझाइनचं सॉफ्टवेअर) या सगळ्याला तोच चांगला, ती कामं बरीचशी एकेका कोअरवर चालतात. आणि विकत घ्यायच्या आधी गाइडना विचार की नॅशनल सुपरकॉम्प्युटिंग मिशनच्या मशीनवर वेळ मिळू शकेल का, पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्मा हा सुपरकॉम्प्युटर याच मिशनखाली बसवलाय. मोठी केस तिकडे, रोजची खटपट घरी.

प्रश्न : आम्ही दोघं रत्नागिरीला असतो, निवृत्त आहोत. घरातले चाळीस वर्षांचे फोटो स्कॅन करून एका जागी ठेवायचेत. मुलगा म्हणतो ऑफिसातून निघालेला जुना रॅक सर्व्हर स्वस्तात मिळतोय, तो घ्या. घ्यावा का?

उत्तर : नको. त्या चपट्या सर्व्हरचे पंखे बोटाएवढे आणि आवाज मिक्सरसारखा, दुपारची झोप विसरा. वीज बघा, नुसता चालू राहून १०० वॅट खाल्ले तर दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२. छोटा डेस्कटॉप २० वॅटवर राहिला तर साडेचौदा युनिटच्या आत. फोटो रोज थोडेच बघणार आहात, मग २४ तास चालू ठेवायचीही गरज नाही. साधं मशीन घ्या, आणि वाचलेल्या पैशांत दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या, दोन्हीवर तेच फोटो, त्यातली एक मुलाकडे दुसऱ्या गावी ठेवा. कोकणातल्या पावसाळ्यात घरातली डिस्क दमट कपाटात ठेवू नका.

प्रश्न : झिऑनवर गेम चांगले चालतात का? मित्र म्हणतो चालतात.

उत्तर : चालतात, पण त्याच पैशात आलेल्या सहा कोअरच्या नव्या डेस्कटॉप प्रोसेसरवर जास्त चांगले चालतात, गेमला थोडेच पण वेगवान कोअर लागतात. मित्राकडे ऑलरेडी झिऑन असेल तर त्याने वापरावा, तू नवीन घेऊ नको. वाचले तर ते पैसे ग्राफिक्स कार्डात घाल.