३६ हजार भरून १२ आठवड्यांचा बॉडी ट्रान्सफॉर्मेशन प्रोग्राम घ्यावा का?

तू लिहिलंयस की वय ३४, वजन ९२, दिवसभर लॅपटॉपसमोर बसून काम, जिना चढताना डावा गुडघा दुखतो, आणि घराजवळची एक जिम १२ आठवड्यांत १५ किलो उतरवून देतो म्हणतेय, ३६ हजार रुपये, सगळे आधी भरायचे. वयानं मोठा आहे म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस भावा.

माझं मत सरळ सांगतो. हे पॅकेज घेऊ नकोस. पण चांगल्या ट्रेनरवर पैसे घाल, ते वाया जात नाहीत. या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, जाहिरातीत त्या मुद्दाम एकत्र कालवतात आणि आपल्याला वाटतं ३६ हजार दिले म्हणजे शरीर मिळणार.

आधी १५ किलोचा हिशोब बघू. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. १५ किलो चरबी ८४ दिवसांत घालवायची तर रोज जवळपास १,३७५ कॅलरीची तूट पाडायला लागते. तुझ्या वजनाच्या बसून काम करणाऱ्या माणसाला दिवसाला २,३०० च्या आसपास लागतात, म्हणजे तू हजाराच्याही खाली खायचं, नाहीतर थोडं जास्त खाऊन वर रोज तासभर घाम गाळायचा, ते पण ऑफिस, घर सगळं सांभाळून. होत नाही असं नाही, काहीजण करतात. पण मग चरबीबरोबर मांसपेशी पण जातात, पित्ताशयात खडे व्हायची शक्यता वाढते, आणि प्रोग्राम संपला की माणूस जेवणावर तुटून पडतो. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा झेपणारा वेग. म्हणजे १२ आठवड्यांत ६ ते ८ किलो उतरले तरी ते लई भारी काम झालं असं समज.

आणि पहिल्या आठवड्यात जे भराभर वजन उतरतं ना, त्यातलं बरंच पाणी असतंय. भात-भाकरी एकदम बंद केली की शरीरात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, संपते, त्याच्या एका ग्रॅमला तीनेक ग्रॅम पाणी धरून बसलेलं असतं, ते पण जातं. काट्यावर दोन-तीन किलो कमी दिसतात, माणूस खूश, जिमवाला स्टेटसला टाकून मोकळा. पुन्हा दोन दिवस नीट जेवला की पाणी परत. फोटोचं पण तसंच, आधीच्या फोटोत पोट सोडून, ट्यूबलाइटखाली, आणि नंतरच्या फोटोत पाणी कमी पिऊन, व्यायाम करून लगेच, वरून लाइट टाकून. तोच माणूस एका दिवसात सुद्धा दोन वेगवेगळे दिसू शकतो.

मग पैसे कशाला द्यायचे? बघणाऱ्या नजरेला. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीन शॉपला आहे, उभ्याचं काम, कंबर धरायची, म्हणून एका ट्रेनरकडं वैयक्तिक शिकायला गेलो होतो. त्यानं सुरुवातीला मला बारला हातच लावू दिला नाही. पाठीमागं एक बाकडं ठेवलं, म्हणाला बूड टेकवा आणि उठा, बस्स. आणि स्वतः माझ्या बाजूला खाली गुडघ्यावर बसून माझ्या टाचा बघत बसला. टाच जरा उचलली की मोजायचा थांबायचा, गुडघा आत वळला की दोन बोटांनी बाहेर ढकलायचा, बोलायचा काहीच नाही. बाकडं काढून टाकलं तेव्हा माझी बैठक आपोआप सरळ होती आणि कंबर पण गप्प बसली. हे यूट्यूब बघून होत नाही, कारण तुझ्या टाचा कोण बघणार?

आपल्या कोल्हापूरला हे नवीन सांगायला नको खरं तर. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी, कुठल्याही तालमीत जा, वस्ताद पोरांच्या पायाकडं, मानेकडं बघत असतोय. शाहू महाराजांनी राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागेचं कुस्तीचं मैदान उभं राहिलं, त्यामागं वर्षानुवर्षं रोज पहाटे मेहनत करणारी पोरं होती. १२ आठवड्यांत मल्ल करून देतो असं कुठल्या वस्तादानं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. पण एक सांगतो, पैलवानाचा खुराक बघून आपण खायला जाऊ नये. गंगावेशीत धारोष्ण म्हशीचं दूध प्यायला मलाही आवडतं, पण एका मोठ्या ग्लासात अडीचशेच्या आसपास कॅलरी असतात, वर थंडाई, तूप. दोन वेळ मेहनत करणाऱ्याला ते जिरतं. लॅपटॉपवाल्याला नाही.

जेवणाचा विषय निघालाच आहे तर, पॅकेजमध्ये जो डाएट प्लॅन देतात तो मागून बघ. ब्रोकोली, किन्वा, ऑलिव्ह ऑइल असली यादी असेल तर ती दुसऱ्या कुणाची तरी पीडीएफ आहे, नाव बदलून तुला पाठवलेली. तुझ्या घरचं जेवण बघून प्लॅन करणारा माणूस आधी तेलाच्या डब्याचं विचारेल. पाच किलोचा डबा चार माणसांत महिन्यात संपत असेल तर माणशी रोज चाळीस ग्रॅमच्या वर तेल झालं, म्हणजे ३७० च्या आसपास कॅलरी फक्त तेलाच्या. इथंच निम्मं काम आहे. रविवारी मटण खा की, तांबड्या रश्श्यावरचा कट, म्हणजे तेलाचा तवंग, बाजूला काढ, पांढरा रस्सा एक वाटी घे, त्यात नारळाचं दूध असतं हे ध्यानात ठेव, आणि भात कमी घेऊन भाकरी धर. प्रोटीन मात्र वाढव, रोज शंभर-सव्वाशे ग्रॅमपर्यंत. एका अंड्यात सहा ग्रॅम, पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत पंचवीसच्या वर, बाकी चिकन, डाळ, ताक, दही. व्हे पावडर घ्यायचीच असेल तर पक्कं बिल घे आणि डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा, १४ अंकी नंबर बघ, जिममधून सुट्ट्या पिशवीत देत असतील तर घेऊ नकोस.

आता जे मला खरंच कळकळीनं सांगायचंय ते. आठव्या-नवव्या आठवड्यात वजन अडकतं, बऱ्याच जणांचं अडकतं. तेव्हा काही ठिकाणी हळूच सांगतात की एक छोटी गोळी आहे, कटिंगला, म्हणजे चरबी उतरवायला, मदत होते, किंवा एक इंजेक्शन. क्लेनब्युटेरॉल नावाचं औषध असतं, थायरॉइडच्या गोळ्या असतात, स्टेरॉइड असतात. हृदयाचे ठोके वाढतात, स्टेरॉइडनं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन तयार व्हायचं बंद पडतं, मूल व्हायला अडचण येते. चांगल्या घरातली, शिकलेली पोरं यात गेलेली मी डोळ्यानं बघितली आहेत. कुणी नुसतं नाव जरी काढलं तरी उठून ये, पैसे गेले तर गेले. आणि पहिल्याच दिवशी शंभर-शंभर बैठका मारून घेणाऱ्यापासून पण लांब राहा, न सवयीचा अति व्यायाम झाला की स्नायू तुटून किडनीवर येऊ शकतं. अंग भयंकर दुखतंय आणि लघवी गडद तपकिरी झाली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

माझ्या मावसबहिणीनं असाच एक प्रोग्राम केला होता, हजार कॅलरीचा. वजन उतरलं, फोटो छान आले, आणि सगळं संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीनं गळायला लागले. तिनं विचारलं तर ट्रेनर म्हणाला केस सगळ्यांचेच गळतात. एकदम कमी खाल्लं की केस असे उशिरानं गळतात, म्हणून त्याचा संबंध जोडून दाखवायला तेव्हा कोणी नसतंय. तिला डॉक्टरनं सांगितलं तेव्हा कळलं.

म्हणून जिमवाल्याला एकच मागणी कर, मागच्या वर्षीच्या फोटोतला एक माणूस आज प्रत्यक्ष भेटवा. चांगलं काम करणारा ट्रेनर आनंदानं भेटवतो. मग विचार की ३६ हजारांत ६० दिवस ट्रेनिंग धरलं तर दिवसाला ६०० रुपये झाले, या ६०० मध्ये ट्रेनर माझ्या एकट्याबरोबर आहे की वीस जणांची बॅच आहे? बॅच असेल तर तू नजरेचे पैसे भरतोयस आणि नजर मिळत नाहीये. १३ व्या आठवड्यात काय करायचं हे पण विचार. उत्तर नवीन पॅकेजच असेल तर समजून जा.

माझ्या हिशोबानं साधी महिन्याची फी भरून जिम लाव, वर दोन महिने आठवड्यातून तीन दिवस वैयक्तिक ट्रेनर घे, तो पण महिन्याच्या महिन्याला पैसे देऊन. बाकी दिवस संध्याकाळी रंकाळ्याला किंवा विद्यापीठात झपझप चाल, आठवड्याला किमान दीडशे मिनिटं. बायकोला, भावाला, कुणाला तरी बरोबर घे, एकट्यानं दुसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो. पावती घ्यायचीच, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झालाय, जुन्या दरानं लावून सांगत असतील तर विचारायला लाजू नकोस. पैसे परत मिळणार नाहीत असं छापलेलं असलं तरी सेवाच दिली नाही तर ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार करता येते.

आणि गुडघा. हे सगळ्याच्या आधी. ऑर्थोपेडिककडं किंवा चांगल्या फिजिओकडं दाखवून घे, बरोबर शुगर, बीपी, थायरॉइड, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) पण करून घे, सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी हॉस्पिटलला, गेलास तरी चालेल. डॉक्टर काय म्हणतात ते कागदावर लिहून घे आणि तो कागद ट्रेनरच्या हातात दे. तो वाचत नाही, बघू नंतर म्हणतो, तर तिथं पैसे भरू नकोस, दुसरी जिम बघ.