चीनमध्ये श्यामेनला कामासाठी जातोय, जवळच्या च्वानचौमध्ये बघण्यासारखं काही आहे का? एका दिवसात होईल का? (मी शाकाहारी आहे)

आहे, भरपूर आहे, आणि एका दिवसात करू नका, एक रात्र तिथे राहा. श्यामेनहून हायस्पीड ट्रेनने साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. तिकीट काढताना क्वांगचौ आणि च्वानचौ यात गल्लत करू नका, क्वांगचौ पार लांब दुसऱ्या प्रांतात आहे.

माझा कोल्हापूरला ग्रॅनाइट-मार्बलचा धंदा आहे. श्वेइतौ म्हणजे आमच्या धंद्याची पंढरी आणि ते च्वानचौच्याच हद्दीत येतं, त्यामुळे तिकडे जाणं-येणं असतं. बरोबरचे बहुतेक लोक फॅक्टरी, हॉटेल, परत श्यामेन एवढंच करतात आणि घरी येऊन सांगतात चीनमध्ये मॉल आणि कारखान्यांशिवाय काही नाही. मला याचा खरंच राग येतो. अरे ज्या गावाला अरब लोक झैतून म्हणायचे, जिथून मार्को पोलो परतीच्या जहाजात बसला, जिथे मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता उतरला, ते हे गाव. सोंग आणि युआन राजवटींच्या काळात (दहावं ते चौदावं शतक) जगातल्या मोठ्या बंदरांपैकी एक. २०२१ ला युनेस्कोच्या यादीत गेलं, त्यात एकट्या या शहराच्या आसपासच्या २२ जागा आहेत.

सगळ्यात आधी काय्युआन मंदिरात जा. दोन दगडी पॅगोडे आहेत, तेराव्या शतकातले, चाळीस मीटरच्या वर उंच, १६०४ च्या मोठ्या भूकंपातही उभे राहिले. लोक त्यांचे फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही मुख्य बुद्ध मंदिराच्या मागच्या बाजूला जा. तिथे दोन खांब आहेत, त्यावर गोल चौकटीत कोरीव काम आहे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सप्लायरकडची एक मुलगी दुभाषी म्हणून बरोबर होती. ती म्हणाली ही कुठली तरी परदेशी गोष्ट आहे, आम्हाला शाळेत शिकवली नाही. मी बघतो तर उखळाला बांधलेला कृष्ण, दोन झाडांच्या मधून ओढत चाललाय! वर दुसऱ्या चौकटीत नरसिंह, मांडीवर हिरण्यकशिपू. मी तिथेच तिला यशोदेपासून सगळी गोष्ट सांगत बसलो, इंग्लिश तिचं आणि माझं दोघांचंही जेमतेम, तरी ती शेवटपर्यंत ऐकत होती आणि मग तिने ते आपल्या आईला फोन करून सांगितलं. मंदिराच्या चौथऱ्याला खाली सिंह-मानवांची ७३ शिल्पं बसवलेली आहेत, तीही या खांबांसारखीच, तमिळ व्यापाऱ्यांनी इथे बांधलेल्या जुन्या देवळातली. दगड हिरवट-करड्या रंगाचा, त्याच भागातला, बाहेरून आणलेला नाही. माझ्या मते हातही तिथल्याच कारागिरांचा, गोष्ट सांगणारा तमिळ आणि छिन्नी चालवणारा चिनी.

आता मूळ मुद्दा. ते फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकले. आमच्या दाजींनी ते उचलून पुढे पाठवले, वर लिहिलं की चिन्यांनी शेकडो वर्षं दडवून ठेवलेलं हिंदू मंदिर सापडलं, आधी अख्खा चीन हिंदू होता. तेव्हापासून आमचा वाद चालू आहे, प्रत्येक दिवाळीला निघतो. दाजी वयाने मोठे आहेत, मी त्यांना मानतो, पण हे साफ खोटं आहे आणि मी ते त्यांच्या तोंडावर सांगितलंय. इथे शंकराचं देऊळ बांधणारे तमिळ व्यापारी होते, मिरी आणि कापड घेऊन आलेले. त्यांचा शिलालेख आहे, तमिळ आणि चिनी दोन्ही अक्षरांत, शके १२०३ म्हणजे १२८१ चा. त्यात स्पष्ट लिहिलंय की खानाच्या, म्हणजे तेव्हाच्या मंगोल राजाच्या, फर्मानाने देव बसवला आणि खानाच्या प्रकृतीसाठी बसवला. परवानगी घेऊन, उघडउघड.

दाजी विचारतात मग देऊळ गेलं कुठे. युआन राजवटीच्या शेवटी, १३५७ ते १३६६, त्या शहरात परदेशी सैनिकांचं बंड आणि मारामाऱ्या झाल्या, त्यानंतर परदेशी वस्त्या उठल्या, मशिदी, देवळं सगळ्यांचेच दगड तटबंदीत आणि इतर बांधकामांत गेले. काय्युआनचे खांबही युआननंतरच्या मिंग काळातल्या डागडुजीत तिथे लागले असं मानतात. आणि पुढे तटबंदी पाडल्यावर हे दगड रानोमाळ पडले असताना ते गोळा कोणी केले, तर वू वेनल्यांग नावाच्या एका शाळामास्तराने! जीवशास्त्र शिकवायचा माणूस, स्वतःच्या खिशातून दगड जमवले, नंतर सरकारला देऊन टाकले, १९५७ ला त्यावर पुस्तक छापलं. आज ते सागरी म्युझियममध्ये उघडे मांडलेत, पिंडीवर दूध सोडणारी गाय, पिंडीची पूजा करणारा हत्ती, शेजारीच अरबी अक्षरांची थडगी आणि ख्रिश्चनांचे क्रूस. दडवणारे लोक असं मांडतात का?

विमानतळाच्या बाजूला एका खेड्यात छोट्या देवळीत चार हातांची देवी आहे, पायाखाली राक्षस. गावकरी तिला ग्वानयिन, म्हणजे बौद्धांची करुणेची देवी, म्हणून पूजतात. त्या मुलीने विचारत विचारत शोधून काढलं. एका आजीबाईंनी आम्हाला उदबत्त्या दिल्या, कुठून आलात विचारलं, भारत म्हटल्यावर म्हणाल्या मग ही तुमच्याकडची, नमस्कार करा. मी केला. दाजींना हे सांगितलं तर म्हणाले बघ, म्हणजे आपलीच. मी म्हटलं आपली होती, सातशे वर्षं उदबत्ती त्यांनी लावली, आता त्यांचीही आहे.

बाकी भरभर सांगतो. १००९ ची दगडी मशीद शहरातच आहे, चुकवू नका. काय्युआनच्या आवारातच १९७४ ला सापडलेलं सोंग काळातलं जहाज ठेवलंय, आत १३ कप्पे, एक फुटला तरी बुडू नये म्हणून. ल्वोयांग पूल १०५३ ते १०५९ मधला, पायाच्या दगडांवर कालवं (समुद्रातले शिंपले) वाढवली, ती चिकटून दगड सांधले गेले. दगडाच्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, असला विचार मी दुसरीकडे कुठे बघितला नाही. आनपिंग पूल दोन किलोमीटरच्या वर आहे पण लांब पडतो, श्वेइतौला जाणार असाल तरच.

जेवणाचं विचारलंत. अवघड आहे पण उपाशी राहणार नाही. तिथली शेवयांची पेज प्रसिद्ध आहे, ती खाऊ नका, त्यात डुकराचं मांस किंवा कालवं असतात, साधी मागितली तरी पाणी मांसाचंच. बौद्ध शाकाहारी खानावळी आहेत, मॅपवर शोधून आधीच सेव्ह करा. शेंगदाण्याचं गोड सूप आणि फळं घातलेली थंड जेली बिनधास्त खा. श्यामेनला नानपुतुओ मंदिराचं शाकाहारी जेवण चांगलं आहे, एक वेळ तिथे उरका. थेपले-चटण्या बरोबर ठेवा.

फोटो टाकलेत तर खाली तमिळ व्यापारी, शके १२०३ एवढं नक्की लिहा, वू मास्तरांचंही नाव लिहा.

आणि हो, जुलै ते सप्टेंबर वादळांचा काळ असतो, ट्रेन रद्द होतात. सोमवारी म्युझियम बंद, त्यामुळे रविवार-सोमवार असा बेत असेल तर म्युझियम रविवारी करा.