ड्रेस्डनची नोकरी घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा: ड्रेस्डनच्या चिप कारखान्यात इंजिनिअरची ऑफर आली आहे, बायको आणि तीन वर्षांची मुलगी सोबत येणार, आणि म्युनिकमधले नातेवाईक सांगताहेत, "पूर्व जर्मनीत जाऊ नका, तिथे परदेशी माणसाची खैर नाही, बेकार आणि म्हातारे तेवढे उरलेत." माझं मत विचाराल तर ऑफर घ्या. पण नातेवाइकांच्या सांगण्यातलं खरं किती, ते नीट पाहून घ्या.

खरं ते आधी. पेगिडा या इस्लामविरोधी, स्थलांतरितविरोधी चळवळीचे सोमवारचे मोर्चे २०१४ मध्ये ड्रेस्डनमध्येच सुरू झाले. ऑगस्ट २०१८ मध्ये जवळच्याच केम्निट्झ शहराच्या रस्त्यांवर परदेशी दिसणाऱ्यांवर हल्ले झाले. २०२४ च्या सॅक्सनीच्या, म्हणजे ड्रेस्डन ज्याची राजधानी त्या राज्याच्या, निवडणुकीत एएफडी या स्थलांतरितविरोधी, कट्टर उजव्या पक्षाला ३०.६ टक्के मतं मिळाली. लोकसंख्येच्या मानाने वंशद्वेषी हल्ल्यांची नोंदही पूर्वेकडे जास्त आहे. यातलं काहीच खोटं नाही. पण हा धोका सगळ्या शहरावर, सगळ्या वेळी सारखा पसरलेला नसतो. रात्री उशिरा ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर दारू प्यालेलं टोळकं, डायनामो ड्रेस्डन या फुटबॉल संघाच्या सामन्याच्या दिवशी भरलेली लोकल, अशा जागी तो असतो. सामन्यांचं वेळापत्रक फोनमध्ये ठेवा आणि सामन्याच्या आधीचे-नंतरचे दोन तास त्या गाड्या टाळा. काही घडलंच तर ११० ला फोन करा आणि पोलिसांत लेखी तक्रार द्याच. बहुतेकजण 'जाऊ दे' म्हणून सोडून देतात आणि ती घटना कुठल्याच आकड्यात येत नाही. आरएए सॅक्सनी ही संस्था अशा प्रसंगातल्या लोकांना मोफत सल्ला आणि सोबत देते.

'बेकार आणि म्हातारे' हे मात्र जुनं झालं. १९९० मध्ये समाजवादी पूर्व जर्मनी पश्चिमेत विलीन झाली आणि तिचे सरकारी कारखाने विकण्यासाठी ट्रॉयहांड या संस्थेकडे गेले. सुमारे ८,५०० उद्योग, त्यांत चाळीस लाख कामगार. काही विकले गेले, बरेच बंद पडले, आणि तरुण, त्यातही मुली, पश्चिमेला गेल्या. नातेवाइकांच्या डोक्यात तेच चित्र राहिलंय. आज इन्फिनिऑन, ग्लोबलफाउंड्रीज आणि बॉश यांचे चिप कारखाने ड्रेस्डनमध्ये आहेत, आणि तैवानच्या टीएसएमसीने भागीदारांसह तिथे नव्या कारखान्याची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये केली. माणसं हवीत म्हणूनच तुम्हाला ऑफर आली आहे.

घराचं. कारखाने उत्तरेला, क्लोट्झशे आणि विमानतळाच्या बाजूला. सात नंबरची ट्राम तिकडे जाते, म्हणून नॉयश्टाट हा भाग सोयीचा पडतो. फक्त त्याच्या बाहेरच्या भागात रात्री दारूचे बार असलेल्या गल्ल्यांचा गोंगाट असतो. लहान मुलगी असेल तर स्ट्रीझेन किंवा ब्लाझेवित्स पाहा. गोर्बित्स आणि प्रोहलिस इथली घरं स्वस्त, पण कारखान्यापासून लांब. पहिलं घर तिथे घेऊ नये असं मला वाटतं. काल्टमीटे, म्हणजे हीटिंग-पाणी न धरता नुसतं भाडं, चौरस मीटरला साधारण ९ ते ११ युरो. म्युनिकच्या निम्मं. अनामत कायद्याने जास्तीत जास्त तीन काल्टमीटे, आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला आहे.

प्लाटेनबाऊ, म्हणजे समाजवादी काळातल्या काँक्रीटच्या इमारती, बघून नाक मुरडू नका. त्या काळी डॉक्टर आणि ट्रामचालक एकाच जिन्यावर राहायचे, आणि आता यांतल्या बऱ्याच दुरुस्त झाल्या आहेत. मात्र पाच-सहा मजल्यांच्या अनेक इमारतींना लिफ्ट नाही, तेवढं आधी विचारा. स्वयंपाकघर आहे का तेही विचारा. जाहिरातीत 'इबेका' (EBK, म्हणजे बसवलेलं स्वयंपाकघर) ही अक्षरं नसतील तर ओटा, सिंक, शेगडी यांतलं काहीच मिळणार नाही असं धरून चला. घर न बघता पैसे पाठवू नका. पहिले दोन महिने सामानासकट भाड्याची खोली घ्या. तिथे पत्त्याची नोंदणी करता येईल ना, हे घेतानाच पक्कं करा. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ब्यूर्गरब्यूरोत, म्हणजे नागरिक कार्यालयात, आनमेल्डुंग, म्हणजे ही नोंदणी, करावी लागते, त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, आणि त्याच्यावाचून टॅक्स नंबरपासून पुढचं सगळं अडतं.

पत्नीच्या दृष्टीने तर मला पूर्वच उजवी वाटते. पूर्व जर्मनीत बायकांनी नोकरी करणं ही तीन पिढ्यांची रीत आहे, त्यामुळे किटा, म्हणजे पाळणाघर-बालवाडी, दिवसाला नऊ तासांपर्यंत चालतात. आई कामावर परतली म्हणून कुणी भुवया उंचावत नाही. जन्मदर घसरल्याने हल्ली किटात जागाही सहज मिळते. तुम्हाला ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांचा वास्तव्य-परवाना, असेल तर पत्नीला व्हिसासाठी जर्मनची परीक्षा लागत नाही आणि आल्या दिवसापासून काम करता येतं. तुम्हाला स्वतःला ए१ या प्राथमिक पातळीच्या जर्मनवर २७ महिन्यांनी, बी१ या मधल्या पातळीवर २१ महिन्यांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो.

तरीही जर्मन दोघांनी शिका, आणि येण्याआधीच. इथल्या पन्नाशीपुढच्या माणसांना शाळेत रशियन सक्तीचं होतं, त्यामुळे म्युनिकमध्ये खपून जाणारं इंग्रजी इथे दवाखान्यात किंवा दुरुस्तीवाल्यापुढे चालत नाही. मग उत्तरं तुटक येतात, आणि ते पुष्कळांना वैर वाटतं. खरं तर समोरचा आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून अवघडलेला असतो. दोन वाक्यं जर्मनमध्ये बोललात की तोच माणूस तुमच्यासोबत थांब्यापर्यंत चालत येतो. पुण्यात ज्याच्या नावाच्या मॅक्स म्यूलर भवनात तुम्ही जर्मनचा वर्ग लावाल, तो स्वतः देसाऊचा, म्हणजे पूर्वेकडचाच, आणि लाइपझिगला शिकलेला.

बोलीतले दोन खाचखळगे. इथे 'नू' म्हणजे 'हो'. त्याला नकार समजू नका. आणि वेळ. 'फिअर्टेल ड्राय' म्हणजे सव्वादोन, 'ड्रायफिअर्टेल ड्राय' म्हणजे पावणेतीन. पश्चिमेकडून आलेले जर्मनसुद्धा यात चुकतात आणि डॉक्टरची वेळ हुकवतात. आपल्याला पावणेतीनची सवय असल्याने हे पटकन बसतं. सव्वादोनच्या वेळी मात्र 'तीन'चं नाव ऐकून गोंधळ उडतो.

परिसराची भीती जाते ती फिरल्याने. डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभर चालणारा मासिक पास, काढा, २०२६ पासून महिन्याला ६३ युरो. त्यात ट्राम, लोकल, प्रादेशिक गाड्या येतात, आयसीई ही जलद गाडी येत नाही. बंद करायचं असेल तर महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवायचं. पहिल्या रविवारी एस१ लोकलने राथेनला उतरा, होडीने एल्ब नदी ओलांडा आणि बास्टाईच्या सुळक्यांपर्यंत चढा. पायवाटेवर समोरून येणाऱ्याला आधी तुम्ही नमस्कार करा. डोंगरात उत्तर येतंच. मग बाउत्सेन हे गाव. तिथे पाट्या दोन भाषांत दिसतील, कारण सोर्ब हे स्लाव्ह लोक शेकडो वर्षं इथलेच आहेत. सीमेवरच्या ग्योर्लित्सला पुलावरून चालत पोलंडात जाता येतं, पण पासपोर्ट आणि रहिवासी कार्ड जवळ ठेवा, तपासणी होते. डिसेंबरात एर्त्सगेबिर्गे या डोंगररांगेतल्या खाणगावांत जा. खिडक्यांत लाकडी कमानीवर दिवे लावलेले असतात, अंधारात राबणाऱ्या खाणकामगारांच्या आठवणीचे.

कढीपत्ता, भेंडी, कोथिंबीर व्हिएतनामी दुकानांत मिळेल. त्या दुकानदारांमागेही इतिहास आहे: १९८९ मध्ये सुमारे ६० हजार व्हिएतनामी कंत्राटी कामगार पूर्व जर्मनीत होते, बर्लिनची भिंत पडल्यावर त्यांची कामं गेली, आणि अनेकांनी भाजीची आणि फुलांची दुकानं टाकली. 'इथे परदेशी माणूस टिकत नाही' असं कुणी म्हणालं की मला हे लोक आठवतात.

शेजाऱ्यांशी ओळख व्हायला बागेसारखी दुसरी जागा नाही. श्रेबरगार्टनची, म्हणजे शहरात भाड्याने मिळणाऱ्या छोट्या बागांची, रीत लाइपझिगचीच. संघाचं सभासद होऊन ४०० चौरस मीटरपर्यंतचा तुकडा थोड्या वार्षिक भाड्यावर मिळतो. नियम एवढाच की साधारण एक तृतीयांश जमिनीवर फळं-भाज्या हव्यात. तिथे लोक स्वतःहून १९९० बद्दल बोलू लागतील. तेव्हा म्युनिकशी तुलना करू नका, आणि समाजवादी काळातल्या गुप्त पोलिसांचे किस्से आपण होऊन विचारू नका. कारखाना कुठला होता, काम काय करायचात, एवढं विचारा.

येण्याची तारीख तुमच्या हातात असेल तर मार्च मागा. नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो, आणि घर शोधायची धावपळ अंधारात करावी लागते.