जे आपल्या हातात नाही त्याची काळजी कशी सोडावी आणि आपल्या कामाशी काम कसे ठेवावे?

तुम्ही लिहिले आहे की धाकट्या भावाने नोकरी सोडून धंदा सुरू केल्यापासून, तो बुडेल या धास्तीने, तुमची झोप उडाली आहे. शेजारच्या घरातली भांडणेही डोक्यातून जात नाहीत. आणि स्वतःपुरते पाहावे म्हटले तर ते स्वार्थीपणाचे वाटते. मला वाटते, तुम्हाला काळजीपेक्षा खबर ठेवण्याचा त्रास अधिक होतो आहे. जिथे काही करता येत नाही तिथली निदान बित्तंबातमी तरी आपल्याकडे असावी असे मनाला वाटते, आणि ती गोळा करता करता आपण काहीतरी करतो आहोत असा समज होऊन बसतो.

मी सांगलीच्या गावभागात राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे दोन माणसे रस्त्यात भेटली की पहिला प्रश्न "पाणी किती आहे?" हाच असतो. पाणी म्हणजे आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी. 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. 2019 च्या ऑगस्टमध्ये हीच पातळी 57 फुटांच्या वर गेली आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली आला, त्यामुळे ही विचारपूस कोणी उगाच करत नाही. तरीही ती करून हाती काय लागते, हे पाहण्यासारखे आहे. महाबळेश्वरला आणि कोयनेच्या पाणलोटात किती पाऊस पडावा हे कोणीच ठरवत नाही. 105.25 टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट पाणी साठवणारे कोयना धरण भरत आले की त्याचे सहा वक्र दरवाजे किती फुटांनी उचलायचे हे धरणावरचे अधिकारी ठरवतात, खाली कृष्णेवरच असलेल्या अलमट्टी धरणातून किती विसर्ग करायचा हे कर्नाटकात ठरते, आणि हरिपूरच्या संगमावर वारणा किती पाणी घेऊन येते हे तिकडच्या डोंगरातल्या पावसावर असते. या साखळीत आमच्या गल्लीचा हात कुठेच पोहोचत नाही. तरीही कित्येक जण रात्रभर दर तासाला मोबाईल उघडून आकडा पाहतात, कुठूनतरी आलेला धरणफुटीचा निरोप खातरजमा न करता पुढे धाडतात, आणि सकाळी थकून जातात. घरातले तांदळाचे डबे मात्र खालीच राहिलेले असतात.

आमच्या शेजारी एक काकू राहतात, वय सत्तरीच्या पुढचे. त्यांचे दोन आकडे कायमचे ठरलेले आहेत. पातळी 35 फुटांवर गेली की घराचे कागद, धान्य, अंथरुणे आणि देव माडीवर जातात आणि गॅसची टाकी दोरीने बांधून ठेवली जाते; 40 झाली की मेन स्विच बंद करून, घराला कुलूप लावून त्या मिरजेला लेकीकडे जातात. हे दोन आकडे सोडले तर त्या पाण्याविषयी कोणाला काही विचारत नाहीत. पातळी 31 ची 32 झाली म्हणून कोणी सांगायला आले तर "बरं" म्हणतात आणि पुढ्यातली हरभऱ्याची डाळ निवडत राहतात. त्यांना पुराची भीती वाटत नाही असे कोणी म्हणू नये. 2005 आणि 2019 या दोन्ही महापुरांचे पाणी त्यांच्या स्वयंपाकघरात आलेले आहे. परंतु केव्हा काय करायचे हे त्यांनी पाऊस सुरू होण्याआधीच ठरवून टाकलेले असल्यामुळे मधल्या प्रत्येक इंचाचा विचार त्यांना करावा लागत नाही. मन आवरून काळजी सुटत नाही हे तुम्हीही अनुभवले असेलच. आपल्या वाट्याचे काम नेमके कोणते आणि ते कधी करायचे हे पक्के झाले की उरलेली काळजी बरीचशी आपोआप सैल होते, असे मला अगदी मनापासून वाटते.

स्वार्थाचा प्रश्नही इथेच सुटतो. पुराच्या दिवसांत दुसऱ्याची तिजोरी आणि दुसऱ्याची म्हातारी आई उचलायला तीच माणसे मोकळी असतात, ज्यांनी आपले घर वेळेवर आवरलेले असते.

शेजारच्या भांडणाबद्दल मात्र सरसकट "आपल्याला काय करायचे आहे" असे मी सांगणार नाही. नवरा-बायकोत पैशावरून, सासरच्यांवरून कुरबुरी होत असतील तर तो त्यांचा मामला आहे. कोण बरोबर आणि कोण चूक याचा निवाडा तुमच्याकडे कोणी मागितलेला नाही, आणि जिन्यात दुसऱ्या कोणाशी त्यावर बोलणे तर कटाक्षाने टाळावे. पण मारहाण होत असेल, लेकरू ओरडत असेल, तर तो खाजगी मामला राहत नाही. त्या वेळी दार वाजवावे, किंवा 112 वर फोन करावा. बाईंना एकट्या असताना गाठून महिलांसाठीचा 181 हा क्रमांक देऊन ठेवावा. गावाच्या प्रश्नांचेही तसेच. अलमट्टीची उंची 519.60 मीटरवरून 524.256 मीटरपर्यंत नेण्याला, पूर वाढेल या भीतीने, आमच्या भागातल्या लोकांचा विरोध आहे, आणि ज्यांनी त्यासाठी निवेदने दिली, मोर्चात पायपीट केली, त्यांना मी नसत्या उठाठेवी करणारे मुळीच म्हणणार नाही. कट्ट्यावर बसून रोज त्याच विषयाने रक्त आटवणे वेगळे.

आता भावाविषयी. त्याच्या कर्जाला तुम्ही जामीन राहिला असाल, किंवा घर दोघांच्या नावावर असून ते तारण ठेवलेले असेल, तर हप्ते वेळेवर जातात का हे विचारणे हा तुमचा हक्कच आहे आणि तो तुम्ही संकोच न करता बजावावा, कारण कर्ज थकले तर बँक जामीनदाराच्या दारातही येते. तसे नसेल तर काकूंसारखे दोन आकडे ठरवा. त्याने मागितल्यास परत येण्याची अपेक्षा न ठेवता किती रक्कम देता येईल, हा एक. आणि त्याचा धंदा बसलाच तर त्याचे कुटुंब तुमच्या घरी किती महिने राहू शकेल, हा दुसरा. घरात पती किंवा पत्नीशी बोलून हे नक्की करा आणि भावाला एकदाच, शांतपणे सांगा की लागले तर हे आहे. त्यानंतर विक्री किती झाली, उधारी किती राहिली हे वहिनींकडून किंवा त्याच्या मित्रांकडून काढून घेणे थांबवा. त्याचा फोन आला तर धंद्याचा विषय त्याने काढला तरच बोला. नाहीतर पोरांच्या परीक्षेचे, आईच्या गुडघ्याचे बोला, कारण तो बहुधा दिवसभर धंद्याचेच बोलून दमलेला असेल.