सच्छिद्र द्रव करायचाय? आधी द्रावक ठरव

सच्छिद्र द्रव म्हणजे आतून पोकळ असे पिंजरा-रेणू विरघळवलेला द्रव; त्यांच्या पोकळ्या रिकाम्या राहतात आणि वायू धरतात. हे रेणू बनवण्यात महिने घालवण्याआधी द्रावक ठरव. द्रावकाचा रेणू पिंजऱ्याच्या खिडकीतून आत शिरला की पोकळी भरली, मग उरतं ते साधं द्रावण. म्हणूनच २०१५ साली असे द्रव करताना १५-क्राउन-५ आणि हेक्झाक्लोरोप्रोपीन हे अंगाने मोठे द्रावक निवडले गेले. एकाच डायअमाइनचा (पिंजऱ्याचा एक घटक, दोन अमाइन गट असलेला रेणू) पिंजरा छान स्फटिक होतो, पण विरघळायला नाखूश असतो. दोन डायअमाइन मिसळून केलेले सरमिसळ पिंजरे कितीतरी जास्त विरघळतात. मी तर तिथूनच सुरुवात कर म्हणेन. क्लोरोफॉर्म या छोट्या रेणूंच्या द्रावकाचा अंशही मागे ठेवू नकोस, तो थेट पोकळीत जाऊन बसतो. तपासणीला मात्र तोच कामी येतो: वायू भरलेल्या द्रवात थोडा क्लोरोफॉर्म टाक, तो पोकळीतला वायू बाहेर ढकलेल आणि भराभर बुडबुडे सुटतील. हेच पिंजरे नसलेल्या नुसत्या द्रावकावरही करून बघ, फरक डोळ्यांना दिसतो.