कोरड्या नाल्याकाठी कचरा डेपो झाला तर नुकसान काय?

तुमचा प्रश्न असा की नाला आठ महिने कोरडाच असतो, शेजारची पाणथळ जागाही पडीक, मग नगरपालिकेनं तिथं डेपो केला तर बिघडतं काय? मी जळगाव जिल्ह्यातल्या यावलकडचा, विहिरी-बोअरची जागा बघून देतो. त्यामुळे उत्तर जमिनीखालून देतो.

आपल्याकडचा नाला वरून कोरडा दिसला तरी पावसाळ्यात त्याच्याच वाळूतून पाणी मुरतं. सातपुड्याच्या पायथ्याचा बझाडा पट्टा म्हणजे नुसते गोटे आणि रेती. तिथं जिरलेल्या पाण्यावर खाली रावेर-यावलच्या केळीबागा उभ्या आहेत. पारोळा-चाळीसगावकडे काळा पाषाण. तिथं पाणी फटीफटीतून चालतं, घाण कोणाच्या विहिरीत निघेल ते बांध बघून सांगता येत नाही.

डेपोचं खरं दुखणं लिचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपणारं घाण पाणी. कुजत्या कचऱ्यावर पाऊस झाला की ढिगाच्या पायथ्याशी कोऱ्या चहासारखं काळपट पाणी पाझरतं, वर तेलकट तवंग. त्यात अमोनिया, क्लोराईड, फेकलेल्या बॅटऱ्यांतले जड धातू. ते डोहात उतरलं की पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मासे वर येऊन तोंड वासतात. आणि कचऱ्याची पहिली गाडी यायच्या आधीच बांधकामानं निम्मं काम केलेलं असतं: मुरूम टाकून पाणथळ बुजवायची, रस्त्यासाठी नाल्यात दोन पाइप टाकून वर भराव. मग पुराचं पाणी जाईल कुठं? शेजारच्या कपाशीत.

२०१६ च्या घनकचरा नियमांत (२०२६ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले) पाणथळ जागेत आणि १०० वर्षांच्या पूरक्षेत्रात भरावभूमीला, म्हणजे कचरा पुरायच्या जागेला, मनाईच होती. नदीपासून १०० मीटर, तळं, वस्ती आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरींपासून २०० मीटर अंतर लागायचं. तळाला ९० सेंमी चिकणमातीचा थर, त्यावर १.५ मिमी जाड प्लास्टिकचं अस्तर. भूजलाची सर्वांत वरची पातळीसुद्धा त्या मातीच्या थराखाली किमान २ मीटर असावी लागायची. इथं डोळे उघडे ठेवा. मे महिन्यात मोजलं तर पातळी खोल दिसणारच. मोजमाप पावसाळा संपता संपता घ्यायला लावा.

हरकत ग्रामसभेच्या ठरावासह लेखी द्या, पोच घ्या. आणि आजच नाल्याच्या खालच्या अंगाच्या दोन-तीन आणि वरच्या अंगाची एक, अशा विहिरींचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या: टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार), क्लोराईड, अमोनिया. तारखेचा अहवाल हातात नसला तर उद्या साहेब म्हणतील, तुमचं पाणी आधीपासूनच खारं होतं.